वजन जास्त असेल तर डिलिव्हरीला हे हॉस्पिटल कसं? (चार स्टार, एक कापलाय)

चार स्टार देतेय, पाचवा का कापला ते खाली येईलच. सोफे, एसी, लिफ्ट, फुग्यांचा सेल्फी पॉइंट (हो, आजकाल मॅटर्निटीत पण सेल्फी पॉइंट असतो) यावर मी काही लिहिणार नाहीये. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीवर, की जिचं वजन जास्त आहे अशा बाईला औषध देऊन कळा सुरू करायची वेळ आली की हे लोक काय देतात, कसं देतात आणि किती थांबतात. माझ्या धाकट्या बहिणीची डिलिव्हरी इथे झाली, तिचा बीएमआय (उंचीच्या हिशोबात वजनाचा आकडा) सुरुवातीलाच 34 होता, आणि इंदूरात जिथे जिथे चौकशी केली तिथे फाइल उघडायच्या आधीच "सिझरच समजून चला" ऐकून आलो होतो. बाहेरच्या देशात 30 च्या वर लठ्ठ म्हणतात, आपल्या भारतीय बांध्यासाठी तर 25 लाच रेघ मारलीय, म्हणजे तिचा आकडा दोन्हीकडून वरच.

माझं स्वतःचं मेडिकल आहे, अन्नपूर्णा रोडच्या बाजूला, माल दवाबाजारातूनच (इथला औषधांचा ठोक बाजार) येतो, म्हणजे कळांसाठीची जेल, इंजेक्शनची अँप्यूलं माझ्या फ्रिजमध्ये कायम असतात. त्यामुळे मी जरा जास्तच बघते आणि जरा जास्तच विचारते, तेव्हा स्टाफला माझा त्रास झाला असेल तर असो.

ओपीडीपासून सुरू करते. वजनाचा काटा आतल्या खोलीत आहे, बाहेर वेटिंगमधल्या सगळ्यांसमोर नाही, आणि सिस्टर आकडा मोठ्याने ओरडत नाही, गुपचूप फाइलवर लिहिते. ही गोष्ट ज्यांचं वजन बेताचं आहे त्यांना फालतू वाटेल, पण माझी बहीण दुसऱ्या एका ठिकाणाहून याच कारणाने रडत परत आली होती. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की या वजनात अख्ख्या नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो वाढलं तरी पुरे, त्याच्या वर नको, आणि साखरेची टेस्ट सुरुवातीलाच करून टाकली. आमच्या आईचं "दोन जिवांचं खा" तिथेच बंद झालं, म्हणजे मॅडमसमोर बंद झालं, घरी डब्यातून तुपातला शिरा येतच होता तो भाग वेगळा.

आता मुख्य मुद्दा. तारीख उलटली तरी कळांचा पत्ता नाही. 41 आठवडे भरत आले, पोटावर हात ठेवून सगळे बसलेले, आत्या फोनवर रोज विचारणार "झालं का गं?" आणि बहिणीला वाटायला लागलं की आपलंच काही चुकलं. इथे मॅडमनी जे समजावलं त्यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले, कारण असं बसवून कुणी सांगत नाही. त्या म्हणाल्या, वजन जास्त असलेल्या बायकांत कळा आपल्या आपण उशिरा सुरू होतात हे नेहमी दिसतं, आणि त्यात आळस बिळस काही नाही, शरीरातल्या रसायनांचा खेळ आहे. चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती स्वतः हार्मोन सोडते. त्यातलं एक लेप्टिन, 1994 मध्ये सापडलं, भूक आवरण्याशी संबंध असलेलं. जितकी चरबी जास्त तितकं रक्तात लेप्टिन जास्त. आणि लॅबमध्ये गर्भाशयाच्या स्नायूच्या पट्ट्यांवर लेप्टिन टाकून बघितलं तर त्या पट्ट्यांचं आकुंचन कमी झालं. कोलेस्टेरॉलचं पण तसंच, ते स्नायूच्या पेशीच्या आवरणात जास्त झालं की पेशी ऑक्सिटोसिनच्या हाकेला नीट ओ देत नाही. ऑक्सिटोसिन म्हणजे मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये तयार होणारं आणि पिट्युटरीतून रक्तात येणारं ते कळांचं हार्मोन. बरेच जण सरसकट सांगतात की जाड बायकांत ऑक्सिटोसिनचे रिसेप्टरच (पेशीवरची त्याला पकडणारी जागा) कमी असतात, मॅडमनी तसं ठोकून दिलं नाही, म्हणाल्या त्यावर अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत, पण डोस जास्त लागतो आणि वेळ जास्त लागतो हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलंय. बस. एवढं ऐकल्यावर बहिणीचा चेहराच बदलला.

ॲडमिट केल्यावर आधी तपासून बिशप स्कोअर काढला. हा 1964 पासून चालत आलेला हिशोब आहे, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, किती मऊ आहे, कुठल्या बाजूला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आहे, पाच गोष्टींचे मार्क. 8 च्या पुढे असेल तर छान, 6 किंवा खाली असेल तर आधी तोंड मऊ करायचं, मग कळांचं इंजेक्शन. हिचे मार्क म्हणजे शाळेत असते तर नापासच. तेव्हा तोंड मऊ करणारी डायनोप्रोस्टोन जेल, 0.5 मिलिग्रॅमची.

इथे माझ्यातली दुकानदारीण जागी झाली. ही जेल 2 ते 8 डिग्रीत ठेवायची असते आणि इंदूरच्या मे महिन्यात डिलिव्हरीवाला पोरगा स्कूटरवर उन्हात घेऊन आला की तिचं काय होतं हे मला माहीत आहे. मी सिस्टरला म्हटलं, फ्रिज दाखवा. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग काही न बोलता दाखवला. आत थर्मामीटर, दारावर सकाळ-संध्याकाळच्या रीडिंगचा कागद, पेनाने भरलेला, आणि आत कुणाचा डबा नाही, कोल्ड्रिंकची बाटली नाही. भिया, दिल खुश हो गया. ज्यांनी वॉर्डातले फ्रिज बघितलेत त्यांना कळेल मी काय म्हणतेय.

एक जेल, सहा तासांनी परत तपासणी, मग दुसरी. चोवीस तासात तीनच्या वर देत नाहीत. दुसरीनंतरही फारसं काही नाही, तर त्यांनी तिसरी न देता फोलीचा फुगा टाकला, म्हणजे लघवीच्या नळीसारखीच नळी, पुढचा फुगा पाण्याने भरतात आणि तो पिशवीच्या तोंडावर आतून दाब देतो, त्या दाबाने शरीर स्वतःच तिथे प्रोस्टाग्लॅन्डिन, म्हणजे तोंड मऊ करणारं रसायन, सोडायला लागतं. औषध नाही, त्यामुळे कळा एकदम भडकायचा धोका कमी. जेलचं कसं, एकदा लावली की परत काढून घेता येत नाही. हे सगळं होईपर्यंत एक रात्र गेली, जिजाजी कॉरिडॉरमध्ये चकरा मारून दमले, आणि नाइट ड्यूटीच्या एका सिस्टरने येऊन म्हटलं, "दीदी, इतना वेट है तो टाइम तो लगेगा ना." बोलली खरंच, पण बोलायची रीत ही नव्हे. सकाळी राउंडला मी सांगितलं तर मॅडमनी तिथेच तिला समज दिली, आमच्यासमोर नाही, बाजूला नेऊन. ठीक आहे.

मग पाणी फोडलं आणि ऑक्सिटोसिनची ड्रिप. शेवटच्या जेलपासून सहा तास गेल्याशिवाय ही लावायची नसते, ते त्यांनी पाळलं, मी घड्याळ बघत होते.

तेवढ्यात मावशी आली रामबागेतून, पोहे-जिलबी घेऊन (बहिणीला खायची परवानगी नव्हती, आम्ही खाल्ले), आणि बाटलीवर नाव वाचून म्हणते, "अगं, हे तर म्हशीला देतात ते इंजेक्शन!" आता मावशीचं अगदीच चूक नाही. गोठ्यात दूध उतरवायला हे चोरून मारतात म्हणून 2018 मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना हे बनवायला बंदीच घातली होती, फक्त एका सरकारी कंपनीने बनवायचं असं ठरलं, मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं, नाहीतर बाळंतिणींसाठीच तुटवडा पडला असता. रेणू तोच, गाईत तोच आणि बाईत तोच. अमेरिकेतल्या द्यू विन्यो नावाच्या शास्त्रज्ञाने 1953 मध्ये तो लॅबमध्ये बनवला आणि 1955 चं नोबेल घेतलं. फरक डोसचा आणि हाताचा. मावशीला एवढं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "ते असू दे, पण गरम पडतं."

हाताचा फरक म्हणजे काय ते सांगते. कितीतरी ठिकाणी अजून सलाइनला टोचून थेंब मोजून सोडतात, सिस्टर गेली की बाईने हात हलवला आणि थेंब वाढले. इथे सलाइनला इन्फ्युजन पंप होता, म्हणजे ठरवलेल्या वेगानेच औषध सोडणारं मशीन. 500 मिलिलिटरमध्ये 5 युनिट, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 10 मिलियुनिट. पंपावर हिरवे आकडे, सुरुवातीला तासाला 6 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला 1 मिलियुनिट. दर अर्ध्या तासाने सिस्टर येणार, बाळाच्या ठोक्यांची पट्टी बघणार, पोटावर हात ठेवून दहा मिनिटं कळा मोजणार, मग आकडा वाढवणार आणि कागदावर सही करणार. दहा मिनिटांत पाचच्या वर कळा झाल्या की लगेच कमी. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, म्हणून पंप थांबवला की परिणाम उतरतो, हीच त्याची सोय. पोटावर हात ठेवून मोजणं मुद्दाम लिहिलं, कारण पोटावर चरबी असली की मशीनच्या पट्ट्याला कळ नीट पकडता येत नाही, कागदावर सपाट रेघ आणि इकडे बाई कळवळतेय असं होतं. पट्टा पण सारखा घसरत होता, तर एका सिस्टरने मोठ्या इलॅस्टिकचा दुसरा आणून बांधला आणि अर्धा वेळ नुसती धरून उभी राहिली. तिचं नाव लिहीत नाही, पण तिला कळेल.

दुपार झाली तरी तोंड 4 सेंटीमीटरच उघडलेलं. संध्याकाळ झाली तरी 5. दुसरं हॉस्पिटल असतं तर एव्हाना सहीचा कागद पुढे आला असता, "फेल इंडक्शन" लिहून (इंडक्शन म्हणजे औषधाने कळा सुरू करणं). इथे तो आला नाही. मॅडम म्हणाल्या, बाळाचे ठोके छान आहेत, आईला ताप नाही, मग घाई कशाची? 2014 मध्ये अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलंय की खरी जोरातली अवस्था 6 सेंटीमीटरपासून धरायची, आणि पाणी फोडल्यावर निदान 12 ते 18 तास ऑक्सिटोसिन दिल्याशिवाय इंडक्शन फेल झालं म्हणायचं नाही. वजन जास्त असलेल्या बायकांना 6 पर्यंत पोचायलाच जास्त वेळ लागतो, पुढचा रस्ता जवळपास बाकीच्यांसारखाच. म्हणजे बारीक बाईचं घड्याळ जाड बाईला लावलं की ती उगाचच नापास होणार. मला तर वाटतं निम्मी सिझर या घड्याळामुळेच होत असतील, पण हे माझं मत, आकडा म्हणून घेऊ नका.

आणि तरी शेवटी सिझरच झालं. हो. 7 पर्यंत गेली, मग चांगल्या कळा असून चार तासांच्या वर काही हललं नाही, बाळाचं डोकं तिरकं बसलेलं. मॅडमनी पट्टी दाखवली, नोंदीचा कागद दाखवला, का ते सांगितलं, बहिणीला स्वतःला विचारलं, आम्हाला नाही. तिने हो म्हटलं. तुम्ही म्हणाल मग एवढं थांबून काय मिळालं, बाकीचे हॉस्पिटलवाले आधीच म्हणत होते तसंच झालं की. मला हा हिशोब पटत नाही. पाच मिनिटांत वजन बघून सांगितलेलं सिझर आणि सगळं करून बघून, पट्टी समोर ठेवून केलेलं सिझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पुढच्या वेळेला फाइलमध्ये काय लिहिलंय यानेही फरक पडतो आणि त्या बाईच्या डोक्यात काय राहतं यानेही. भूलवाले डॉक्टर पण आधीच येऊन पाठ बघून गेले होते, कारण अशा पाठीत सुई टाकायला जागा सापडत नाही पटकन, आयत्या वेळी धावपळ नको. हे प्लॅनिंग मला फार आवडलं.

बाळ झाल्यावरची एक गोष्ट लोकांना माहीत नसते. खूप तास ऑक्सिटोसिन चाललं की गर्भाशयाचे रिसेप्टर दमतात, मग वार पडल्यावर पिशवी आवळायच्या वेळीच ती ढिली राहते आणि रक्त जास्त जातं. वजनाने हा धोका आणखी वाढतो. यांनी दुसरी औषधं ट्रेमध्ये काढूनच ठेवली होती, रक्त क्रॉसमॅच करून (तिच्या रक्ताशी जुळवून) ठेवलेलं. लागलं नाही, देवाची कृपा. नंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात टोचायची हेपरिनची सुई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धरून धरून चालवलं, ती शिव्या घालत होती, पण चालली.

आता कापलेला स्टार.

एक, बीपीचा पट्टा. लेबर रूममध्ये मोठा पट्टा आहे, वॉर्डात नाही. जाड दंडावर छोटा पट्टा बांधला की बीपी खोटं वर दाखवतो, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. रात्री वॉर्डात 150 च्या वर आलं, धावपळ, ड्यूटी डॉक्टर, बहीण घाबरलेली, त्या घाबरण्याने आणखी वर. मी म्हटलं पट्टा बघा, वेल्क्रो अर्धाच चिकटलाय आणि मध्येच सुटतोय. लेबर रूममधून मोठा आणला तर 128. ही एवढीशी गोष्ट, त्यापायी औषध सुरू झालं असतं, लघवीच्या तपासण्या, मुक्काम वाढला असता. एवढं मोठं हॉस्पिटल, पंप घेतलेत, फ्रिज चकाचक, मग पट्ट्याला काय झालं?

दोन, दूध. वजन जास्त असलं की पहिल्या आठवड्यात बाळ ओढायला लागल्यावर प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) जसं उसळी मारायला हवं तसं मारत नाही, यावर 2004 मध्ये अमेरिकेत अभ्यास झालाय, त्यात सिझर, त्यात थकवा, त्यामुळे दूध उतरायला उशीर होतो. उशीर होतो, म्हणजे येत नाही असं नाही. पण दुसऱ्या रात्री बाळ रडलं तर ड्यूटीवालीने सरळ सांगितलं, डबा मागवा, इनको दूध नहीं आएगा. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे डब्याच्या दुधाच्या प्रचाराविरुद्ध, आणि मी दुकानात तोच डबा विकते तरी सांगते, असं पटकन तोंडातून निघता कामा नये. सकाळी लॅक्टेशनवाल्या ताई आल्या, त्यांनी बाळाला छातीशी उघडं ठेवायला लावलं, हाताने चीक काढून चमच्याने पाजायला शिकवलं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, कारण जितकं रिकामं होईल तितकं प्रोलॅक्टिनला काम मिळतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पान्हा आला, व्यवस्थित. त्या ताई दिवसाच असतात, रात्री कुणीच नाही, आणि बाळं तर रात्रीच रडतात. यांना रात्रीही ठेवा, किंवा रात्रीच्या सिस्टरांना निदान दोन तास बसवून शिकवा.

बिल. पॅकेजमध्ये इंडक्शन नाही, ते वेगळं लागतं, हे ॲडमिट होताना विचारून लेखी घ्या. काउंटरवरचा मुलगा नम्र आहे पण त्याला स्वतःलाच सगळं माहीत नाही. औषधांची लाइन मी एकेक तपासली, सवयच आहे, सगळ्या एमआरपीवर, कुठे खोट नाही, वापरली नाहीत ती औषधं परत घेऊन पैसे वजा केले, हे विशेष. कँटीनमधलं जेवण बाळंतिणीच्या कामाचं नाही, तेलकट, साखरेवाल्या बायकांनाही तोच डबा, घरून आणलेलं चालतं तेव्हा भाकरी, मऊ भात, मेथीची भाजी आणा. डिंकाचे लाडू आणि हळिवाची खीर लगेच ओतू नका हो, आमच्या आईने पहिल्याच दिवशी डबा भरून आणला होता, मॅडमनी हसून बाजूला ठेवायला सांगितला.

पार्किंग अजिबात नाही, संध्याकाळी गल्लीत गाडी लावली तर समोरचे दुकानदार भांडतात, ऑटोनेच या. व्हिजिटिंग पास एकच मिळतो पण गार्डशी नीट बोललं तर आजीला सोडतो. आणि ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी पहिल्या भेटीतच तीन गोष्टी विचारा: ड्रिप पंपावर देता का थेंबावर, 6 सेंटीमीटरच्या आधी किती थांबता, आणि वॉर्डात मोठा बीपीचा पट्टा आला का. तिसऱ्याचं उत्तर हो आलं तर मला इथेच खाली कळवा, मी स्टार बदलते.